काळी दोन

काडीला काडी म्हणायचे ते त्याच्या हातापायांवरून. वारा जोराचा सुटला तर उडून जाईल असा पोरगा, पण बोटं मात्र बघत राहावी अशी. शाळेच्या मोठ्या हॉलमधली पायपेटी वाजवायचं काम त्याच्याकडे होतं. पायाने भाता मारायचा, बोटांनी सूर काढायचे आणि पुढे उभा राहून जो कुणी गात असेल त्याला सांभाळून न्यायचं. पुढे उभा असायचा भोंगा. नेहमी भोंगाच.

भोंग्याचं नाव पडलं ते त्याच्या आवाजावरून. वसतिगृहात आला त्या पहिल्याच आठवड्यात त्याने जेवणघराच्या या टोकावरून त्या टोकाला बसलेल्या आपल्या दादाला हाक मारली आणि आचाऱ्याच्या हातातला डाव खाली पडला. पुढे युद्ध सुरू झालं, शाळेच्या गच्चीवर खराखुरा सायरन बसला, तेव्हा पोरं म्हणायला लागली, आता आपल्याकडे दोन झाले. एक वाजला की तळघरात पळायचं, दुसरा वाजला की रडणं थांबवायचं. थट्टेची गोष्ट, पण खरी होती. तळघरात बटाट्याच्या पोत्यांवर दाटीवाटीने बसलेली लहान पोरं अंधारात मुसमुसायला लागली की भोंगा गायला लागायचा. मग शेंबड्या नावाचा सगळ्यात धाकटा पोरगासुद्धा नाक पुसून ऐकत बसायचा.

काडी आणि भोंगा एका खोलीत राहायचे. खाट शेजारी, ताट शेजारी, शिक्षा झाली तर ओणवेही शेजारी शेजारीच. एकाला ठेच लागली की दुसरा ओरडतो, असं त्यांच्याबद्दल हेडसर म्हणायचे.

आता खोटं कशाला बोलायचं? तरीही काडीच्या पोटात दुखायचं. तो रोज संध्याकाळी हॉलमध्ये एकटा बसून तास न् तास पेटी घासायचा. गाण्याच्या बाईंनी सांगितलं होतं, की खरा पेटीवाला तोच, जो कुठलंही गाणं कुठल्याही पट्टीतून वाजवतो. म्हणून तो प्रत्येक गाणं सगळ्या पट्ट्यांत बसवायचा. थंडीत बोटं बधिर व्हायची, भात्याने पोटऱ्या भरून यायच्या. आणि भोंगा? भोंगा मैदानातून धावत यायचा, गुडघ्याला माती, केसांत गवत, गटागटा पाणी प्यायचा आणि तोंड उघडायचा. की झालं. बाईंचे डोळे मिटले, सगळा हॉल गप्प. पेटी कोण वाजवतंय, वाजवतंय की नाही, याची कुणाला शुद्ध असेल तर शपथ.

एकदा काडीची आई त्याला भेटायला आली होती. बाबा लढाईवर गेल्यापासून तिचा चेहरा ओढल्यासारखा झाला होता. त्या दिवशी हॉलमध्ये भोंगा गायला आणि आई रडली. पदर तोंडाला लावून चांगली हमसून हमसून रडली, आणि मग किती दिवसांनी मोकळी हसली. भोंग्याला जवळ घेऊन म्हणाली, "गुणाचं पोर गं बाई माझं." मग तिला काडी दिसला. "तूही छान वाजवलंस हो," असं म्हणाली. तो "हो"च काडीच्या घशात काट्यासारखा अडकला. आईचं रडू काढायला आपण तिथे असून नसून सारखे, हे काही त्याला गिळता येईना.

तर अशी ही ठसठस होती. बाकी मैत्री मैत्रीच्या जागी होती, हेही खरंच.

मग निरोपाचा दिवस आला. शेवटच्या वर्गातल्या पोरांना लढाईवर जायचं बोलावणं आलं, की शाळा त्यांना हॉलमध्ये रांगेत उभं करायची, त्यांच्यासाठी निरोपाचं गाणं म्हटलं जायचं, आणि फाटकापाशी लष्करी ट्रक उभा असायचा. या वेळच्या तुकडीत भोंग्याचा दादा होता. आईबापाविना वाढलेली ही दोन भावंडं, दादाने धाकट्याला अक्षरशः कडेवर घेऊन मोठं केलेलं.

सकाळी बुटाच्या नाड्या बांधता बांधता भोंगा म्हणाला, "ऐक ना, मी बाईंना सांगितलंय. शेवटच्या कडव्याच्या आधी तुला एकट्याला वाजवू द्या म्हटलं. तू एवढी मेहनत करतोस आणि कुणाला ऐकूच येत नाही."

"मग? काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, बरं, थोडंसंच." भोंगा खुशीत हसला. "खूश ना?"

त्याच्या मनात काही म्हणजे काही नव्हतं. मित्राला आनंद व्हावा एवढंच. पण काडीच्या कानाला ते असं लागलं, की पोट भरलेल्याने ताटात उरलेला घास पुढे सरकवावा. थोडंसंच! तो "हो, खूश" म्हणाला आणि आतून पेटून उठला.

प्रत्येक गाणाऱ्याची एक पट्टी असते. जिथून सुरुवात केली की खालचे सूर गवसतात आणि वरचेही झेपतात, ती त्याची जागा. भोंग्याची पट्टी काळी एक. पेटीवाल्याने ती धरायची आणि गाणाऱ्याने डोळे मिटून तिच्यावर उभं राहायचं, असा सगळा विश्वासाचा मामला. काळी एकच्या शेजारीच काळी दोन. अंतर बोटभर. पण गाणं तिथून सुरू केलं की शेवटच्या उंच ओळीला गाणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो.

हॉल भरला. रांगेत नवे कोरे बूट घातलेली पोरं उभी राहिली. भोंगा पेटीकडे पाठ करून, दादाकडे तोंड करून उभा राहिला. काडीने भाता मारला. त्याची बोटं काळी एकवर होती, आणि मग ती नव्हती. कधी सरकली ते सरकणाऱ्यालाच ठाऊक. त्याने काळी दोन धरली.

भोंग्याने क्षणभर मान किंचित वळवली. मग श्वास घेतला आणि गायला लागला. पहिलं कडवं सुंदर झालं, नेहमीपेक्षाही सुंदर. आवाजाला अशी धार, की काडीला आणखीच राग आला. याला काय हवं ते झेपतं! मग पेटीचं ते "थोडंसं" झालं. मग शेवटचं कडवं, आणि त्यातली ती ओळ, 'दार उघडे ठेवू आम्ही'. 'दार'ला सूर सरळ वर जातो. भोंगा वर गेला आणि आवाज चिरकला. चिरकला म्हणजे कसा, कोंबड्याच्या पिल्लाने पहिल्यांदा बांग द्यावी तसा. पुढच्या बाकावरची चिल्लीपिल्ली फिसकन हसली. भोंग्याने पुन्हा तोंड उघडलं, पण काही म्हणता काही बाहेर आलं नाही. मग तो वळला आणि बाजूच्या दाराने निघून गेला.

पेटी थांबवायची असते हे काडीला सुचलंच नाही. सगळ्या शाळेसमोर तो शेवटपर्यंत एकटा वाजवत राहिला. हवं होतं ते मिळालं होतं. 

बाहेर ट्रक घरघरत होता. दादा फळीला धरून उभा होता आणि मान वाकडी करकरून गर्दीत बघत होता. "अरे काडी, भोंगा कुठंय?"

काडी धावत न्हाणीघराकडे गेला, दार बडवलं. आतून आवाज आला, "मी नाही येणार. कुठल्या तोंडाने येऊ? दादाला निरोप द्यायचा, तर तोसुद्धा धड देता आला नाही."

काडीने आणखी बडवलं, विनवलं, पण कडी निघाली नाही. तो एकटाच परत आला. त्याचं तोंड बघूनच दादा समजला. वाकून त्याच्या डोक्यावर टप्पल मारून म्हणाला, "त्याला सांग, मीही त्याच्या वयात असाच चिरकलो होतो. आणि तू आहेस ना त्याच्याजवळ? मग मला काळजी नाही." ट्रक हलला. वळणापर्यंत दादा फाटकाकडे बघत होता, धाकटा येतोय का म्हणून.

संध्याकाळी काडीने पहिलं वाक्य भोंग्याला सांगितलं. दुसरं सांगायला त्याची जीभ रेटली नाही. कुठल्या तोंडाने सांगणार?

त्यानंतर भोंगा गायला नाही. कुणी विचारलं तर "घसा बसलाय" म्हणायचा. काडीशी बोलायचा, पण कामापुरतं, आणि बोलताना बघायचा भलतीकडेच. काडीने काय ते ओळखलं. याला कळलंय. गाणाऱ्याचे कान आहेत, कळल्याशिवाय राहतंय? आता कधीतरी तो मानगूट धरणार, सगळ्यांसमोर सांगणार. काडीचा जीव टांगणीला लागला. धड जेवण जाईना. ताट अर्धं टाकायला लागला म्हणून आचाऱ्याने दोनदा झापलं, तरी त्याचं लक्ष नाही. भोंगा बोलला असता, दोन लाथा घातल्या असत्या, तर बरं झालं असतं. पण तो आपला गप्प.

आणि सायरन तर वाजतच होता. सगळे तळघरात उतरायचे, दिवा मालवला जायचा, आणि मग नुसता अंधार, बटाट्यांचा ओला वास आणि लांबून धडाम धडाम. एकदा शेंबड्याने अंधारात विचारलं, "भोंगादादा, आज पण नाही?"  थोड्या वेळाने पोरगं रडायला लागलं. काडीने कानांत बोटं घातली. स्फोटांसाठी नव्हे, त्या रडण्यासाठी.

पुढची तुकडी निघायची वेळ आली. गाण्याच्या बाईंनी काडीला बोलावलं. "तो काही गात नाही म्हणतोय. या वेळी तू एकटाच वाजव बाळा. नुसती पेटी, सबंध गाणं. मी ऐकलंय तुला संध्याकाळचं, दाराआडून. किती गोड हात आहे तुझा!"

हेच ऐकायला काडीचे कान वर्षानुवर्षं आसुसले होते. आता ऐकलं, तर त्याला रडू फुटलं. बाईंना वाटलं, पोराला आनंद झाला. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, आणि काडीला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

त्या दुपारी दोघांवर बटाटे निवडायची पाळी होती. पोत्यातले बटाटे जमिनीवर ओतायचे, नासके एकीकडे टाकायचे, चांगले पुन्हा भरायचे. तळघराच्या झरोक्यातून हाताएवढं ऊन येत होतं. बराच वेळ नुसते बटाटे गडगडण्याचे आवाज.

"भोंग्या," काडी म्हणाला, "मला तुला काही सांगायचंय."

"मला माहितीये," भोंगा म्हणाला.

काडीच्या हातातला बटाटा तिथेच राहिला.

"त्या दिवशी तू पट्टी चढवली होतीस. काळी दोन धरलीस. पहिल्याच सुराला कळलं मला." भोंगा खाली बघत नखाने बटाट्यावरची माती खरवडत होता. "मी वळून बघणार होतो, पण मग म्हटलं, दादा चाललाय, काडीला वाटलं असेल, आज भोंगा वर जाईल. आज नेहमीसारखं नाही, त्याहून चांगलं होऊ दे. तुला माझ्याबद्दल एवढी खात्री वाटली, आणि मी सगळ्यांसमोर माती खाल्ली. तेव्हापासून तुझ्याकडे बघायचीच लाज वाटते रे."

आणि तो खरंच लाजल्यासारखा हसला. "आवाज तसा आधीपासूनच फुटायला लागला होता. न्हाणीघरात दोनदा चिरकला होता. तुला सांगायला हवं होतं मी. तुझी काहीच चूक नाही."

बघा आता! सुटकेचं दार सताड उघडं होतं. काडीने फक्त गप्प बसायचं होतं. "जाऊ दे रे" म्हणायचं आणि पुढचा बटाटा उचलायचा. मैत्री जशीच्या तशी परत, वर थोडी जास्तच. त्याने तोंड मिटलंही. दोन-तीन बटाटे पोत्यात टाकलेही. पण शेजारी बसलेला हा पोरगा आपल्याच कपटाला विश्वास समजून, त्या विश्वासाला आपण उतरलो नाही म्हणून इतके दिवस झुरतोय, हे काडीला सहन होईना. मार परवडला असता, हे परवडेना.

"खात्री नव्हती," तो म्हणाला. आवाज इतका बारीक आला की त्याला पुन्हा सांगावं लागलं. "खात्रीबित्री काही नव्हती. तुझं हसं व्हावं म्हणून चढवली. तू चिरकावंस म्हणून. सगळे तुलाच ऐकतात म्हणून. आई तुझ्यासाठी रडली म्हणून."

भोंग्याने हातातला बटाटा खाली ठेवला. जपून ठेवला, अंडं ठेवावं तसा.

"दादा वाट बघत होता माझी?" त्याने विचारलं.

"हो."

"गाडी सुटली तरी?"

"वळणापर्यंत."

भोंग्याचा चेहरा असा झाला, की काडीने मान फिरवली. मारेल, शिव्या देईल, असं वाटलं होतं. भोंगा फक्त म्हणाला, "ऊठ इथून."

काडी उठला. अर्धवट भरलेलं पोतं तसंच टाकून जिना चढला. पण एक नवल घडलं, आणि त्याची त्यालाच शरम वाटली. रात्री त्याला झोप लागली. मित्र गेला होता, आता कायमचाच गेला होता, तरी छातीवरचं ओझं उतरल्यासारखा तो लहान मुलासारखा झोपला. सकाळी उठून शेजारच्या रिकाम्या खाटेकडे बघितलं तेव्हा रडला. भोंग्याने वळकटी उचलून शेंबड्याच्या खोलीत नेली होती.

काडी बाईंकडे गेला आणि त्यांनाही सगळं सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला काय सांगतोस? माझं काय नुकसान झालंय?" पण पेटीची किल्ली त्यांनी त्याच्याकडून काढून घेतली नाही. काडीने ती आपणहून टेबलावर ठेवली.

असे काही दिवस गेले. पुढची तुकडी पेटीविनाच निघून गेली. भोंगा बोलला नाही. जेवायला बसायचा तो दुसऱ्या टोकाला, लहान पोरांमध्ये.

मग एका दुपारी, भूगोलाच्या तासाला, सायरन वाजला. सगळे धडाधड जिना उतरले. काडी सगळ्यात शेवटी उतरला आणि पायऱ्यांपाशीच बसला. कुणीतरी झरोका बंद केला. या वेळी धडामधूम लांबून नव्हती. भिंतीतून माती पडत होती, पोती थरथरत होती. लहान पोरं एकमेकांना चिकटली आणि शेंबड्याने असा काही टाहो फोडला, की बाकीच्यांचाही धीर सुटला. हेडसर "शांत राहा, शांत राहा" म्हणत होते, पण त्यांचाच आवाज कापत होता.

"काडी."

अंधारातून आलं. घोगरं, ओळखू न येणारं. पण या शाळेत अशी हाक मारणारा एकच होता.

"काय?"

"सूर दे."

काडीला वाटलं, आपण ऐकलं ते चूक. "इथे पेटी नाहीये."

"तोंडाने दे."

काडी जन्मात चारचौघांत गायला नव्हता. त्याचा आवाज म्हणजे न तेल घातलेली बिजागरी. पण कान पक्के होते. त्याने डोळे मिटले, मनातल्या पेटीवर काळी एक शोधली आणि तिथे 'आ' लावला.

"वर होतंय," भोंगा म्हणाला. "ती पट्टी गेली आता माझी. खाली ये."

काडी खाली आला.

"आणखी खाली."

आणखी खाली आला. त्याच्या छातीत काहीतरी गुरगुरायला लागलं.

"हां. इथे. इथे धर, आणि सोडू नकोस."

काडीने धरला. आणि त्या सुरावर पाय ठेवून भोंगा गायला लागला. तो जुना आवाज नव्हताच. जाडाभरडा, मध्येच फाटणारा, थोरल्या भावाचे बूट घालून चालणाऱ्या पोरासारखा अडखळत जाणारा. पोरं आधी दचकली, मग कुणीतरी फिसकन हसलं. शेंबड्या रडता रडता हसला आणि म्हणाला, "भोंगादादाला सर्दी झाली!" सगळं तळघर हसलं. काडीला वाटलं, संपलं. आता हा पुन्हा उठून जाणार. पण भोंगाही हसत होता. तो गातच राहिला. 'दार उघडे ठेवू आम्ही' आलं, 'दार'ला आवाज चिरकला, त्याने मागे येऊन ती ओळ पुन्हा म्हटली, पुन्हा चिरकला, पुन्हा म्हटली. तोवर अर्धी पोरं बरोबर म्हणायला लागली होती. बाहेर काय चाललंय ते कुणाला नीट ऐकू येईनासं झालं.

गाणं संपलं. काडी पोत्यांवरून चाचपडत जवळ आला होता, कधी ते त्यालाही कळलं नव्हतं.

"दादा आणखी एक म्हणाला होता," तो हळूच म्हणाला. "मी तुला सांगितलं नव्हतं. म्हणाला, तू आहेस ना त्याच्याजवळ, मग मला काळजी नाही."

 अंधारात भोंग्याने बाहीने नाक पुसल्याचं ऐकू आलं.

"तो आला ना, की मी त्याला सगळं सांगणार आहे," तो म्हणाला. "तू काय केलंस ते. कान उपटून हातात देईल तुझे."

"देऊ दे," काडी म्हणाला. "येऊ दे फक्त."

"येईल." मग त्याने काडीला कोपराने ढोसलं. "चल, पुन्हा पहिल्यापासून. बोलण्याच्या नादात सूर सोडलास बघ."

काडीने श्वास घेतला आणि सूर धरला. खालचा. भोंग्याचा.